आईच्या पंख्याची बॅटरी

बॅटरीच्या दुकानात बाकावर बसलेल्या निवृत्त मास्तरांनी पेपर वाचायचं सोंग चालू ठेवलं होतं, पण कान शेजारच्या दोन बहिणींकडे होते. दोघींच्या इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या मिस्त्रींसमोर शेजारी शेजारी ठेवलेल्या.

“दोन्ही एकाच दिवशी घेतल्यात. आधी माझी बघा,” थोरली म्हणाली.

“तेरा व्होल्ट. आणि या धाकट्या ताईंची साडेबारा,” मिस्त्री मीटर लावून म्हणाले.

“ऐकलंस? आणि आई गावभर सांगते, धाकटीकडे वीज गेली तरी पंखा चालतो, म्हणून तिथे राहते.”

“अगं, सहज बोलली असेल.”

“सहज गेलेलं माणूस परत येतं. ती तुझ्याकडे मुक्काम ठोकून आहे.”

“बाई, तुमची आत्ताच चार्जिंगवरून काढलीत का?” मिस्त्रींनी विचारलं.

“रात्रभर लावली होती. परीक्षेला अभ्यास करूनच जातात.”

“मग हे तेरा वरवरचे. लोड टाकून, म्हणजे वीज ओढून बघू.”

“टाका की.”

“हा बघा, काटा घसरला. तुमची संपलीय. यांची अजून तग धरून आहे.”

“पुन्हा बघा.”

“पुन्हा तेच, बाई.”

“ताई, माझी बॅटरी तू ने. मी नवी घेते. आईला येऊ दे तुझ्याकडे.”

“नको.”

“का गं? पंखा चालेल की.”

“चालेल. आणि त्याच्याखाली बसून आई आल्यागेल्याला सांगेल, बॅटरी धाकटीची आहे हो.”