साडेतीन फुटांत चार फूट

नाव : अडीना मायलो उनरू. वय : २३ वर्षे. धंदा : गहूकापणीच्या टोळीत गाडी चालवणे व स्वयंपाक. राहणार : टर्की फोर्क रस्ता, हॅस्लर गावाबाहेर, कॅन्सस.

शेरीफ कार्यालयातून बोलावणे आल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

आमच्या घरची कापणीची टोळी आहे. दर उन्हाळ्यात आम्ही ओक्लाहोमापासून सुरुवात करून पिकत्या गव्हामागे उत्तरेकडे सरकतो. मुक्काम ट्रेलरात असतो. माझे शिक्षणही त्याच ट्रेलरात, जेवणाच्या टेबलावर, आईकडे झाले. आई जानेवारीत वारली. ट्रेलर वडिलांच्या नावे आहे.

एप्रिलमध्ये वडील मायलो यांचा पाय मोडला. तेव्हा माझे काका ऑर्व्हल उनरू आमच्या घरी येऊन म्हणाले, "यंदा टोळी आणि ट्रेलर माझ्याकडे दे. ही पोर ओढणार होय घर?" वडील म्हणाले, "ओढेल." तेव्हापासून मला नीट झोप नव्हती. हे कोणी विचारलेले नाही, पण खरे आहे.

माझा पिकअप आखूड हौद्याचा आहे. आमच्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालचा खुंटा गाडीच्या मागे न अडकता हौद्यात, मागल्या चाकांच्या वर बसवलेल्या जोडात अडकतो. जोड घेण्याआधी मी मोजमाप केले. ट्रेलर आठ फूट रुंद, म्हणजे खुंट्याच्या दोन्ही अंगांना चार-चार फूट. खुंट्यापासून केबिनची मागची काच साडेतीन फुटांवर. सरळ रस्त्याला काही होत नाही. काटकोनात वळताना मात्र ट्रेलरचा कोपरा केबिनमध्ये शिरतो. मी चुकत असेन म्हणून पुठ्ठा कापून टेबलावर फिरवून पाहिला. पुन्हा तेच आले.

दुकानात जोडाचे तीन प्रकार होते. एक पक्का, जागचा न हलणारा. दुसरा वळणावर आपोआप मागे सरकणारा, पण तो फार जड, आणि त्यासाठी ट्रेलरच्या खुंट्याला पाचर ठोकावी लागते. तिसरा हाताने सरकवायचा. वळणाआधी थांबायचे, उतरून दांडा ओढायचा, ट्रेलरचे ब्रेक दाबून धरत गाडी जराशी पुढे घ्यायची. मग जोड मागे सरकतो आणि जागा होते.

काका तेथेच होते. म्हणाले, "पक्का घे. मी जन्मभर पक्काच वापरलाय."

मी म्हणाले, "काका, तुमच्या जुन्या गाडीचा हौदा लांब होता. नवी आखूड आहे."

"ऐका! मास्तरीणबाई, गाडीसुद्धा आईच्या टेबलावरच शिकलात वाटतं?"

दुकानातले सगळे हसले. मी हाताने सरकणारा घेतला.

रविवारी आम्ही प्रार्थनेला गेलो असता काकांनी न विचारता ट्रेलर आपल्या गाडीला जोडला. आमच्या फाटकासमोर अरुंद रस्ता आणि पलीकडे चर आहे. तेथे काटकोनातच वळावे लागते. आम्ही परत आलो तेव्हा ट्रेलरचा कोपरा काचेतून काकांच्या केबिनमध्ये होता. काका पायरीवर बसून हॅट झटकत होते.

"खुंट्याला काय केलंस गं तू?"

"काही नाही, काका. साडेतीनात चार मावत नाहीत."

त्यांना लागले नाही हे मी आधी पाहिले. नंतर हसले. दोन्ही लिहून घ्यावे.

मी खुंट्यात बिघाड केला अशी काकांची तक्रार आहे. ती खोटी आहे. तपासाला आलेल्या डेप्युटी लोरीन पाईक यांनी खुंटा पाहिला आणि विचारले, "तुला जमेल का ट्रेलर बाहेर काढायला?"

"जमेल," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला.

काकांची गाडी बाजूला काढून मी माझी जोडली. फाटकात थांबले, उतरले.

काका ओरडले, "बघा, थांबली! भ्याली!"

वडील खुर्चीतून म्हणाले, "ऑर्व्हल, ती उतरली. तू उतरला होतास का?"

मी दांडा ओढला, जोड मागे घेतला, काटकोनात वळले. मधोमध पाईकबाईंनी थांबवले आणि कोपरा व काच यांमध्ये आपली हॅट आडवी धरली. हॅट चेपली नाही. शेजारचे कुंपणावर बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाच वळणात ट्रेलर रस्त्यावर आला. वडिलांनी मला हाक मारली ती आईच्या नावाने. मी ओ दिली.

उद्या पहाटे ट्रेलर घेऊन मी ओक्लाहोमाला निघते. काकांची गाडी काचेविना असल्याने त्यांनी आमच्या टोळीत जागा मागितली. दिली आहे. भांडी घासण्याची.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. सगळा मी सांगितला तसाच होता, एक वाक्य सोडून. पाईकबाईंच्या हॅटनंतर "नशिबाने कोपरा लागला नाही" असे लिहिले गेले होते. ते वाक्य मी काढायला लावले. नशिबाने नव्हे. मोजल्याप्रमाणे.

सही / अडीना उनरू