पाणबुड्याचं घड्याळ

गेवराईत कानाच्या डॉक्टरकडे वनमालाबाई गुरुवारचा जप करत बसल्या होत्या. पुढच्या बाकावर वाळूवाले अमरसिंह, नदीत बुडालेल्यांना काढणाऱ्या गहिनीनाथला मनगटावरचं घड्याळ दाखवत होते.

“बघ बे, चावीचं हाय. सेल न्हाई, तरी बटन दाबलं की आत लाईट लागतो.”

“लई भारी. पाण्यात चालतंय का, मालक?”

“तीनशे मीटर खोल! पाणबुड्यांसाठीच बनवलंय. तुझ्या कानाला काय झालं?”

“तुमच्या वाळूच्या खड्ड्यात माझ्या भाच्याला, शहादेवला हुडकाया गेलतो, तवापासून पू येतोय. खाली मिट्ट काळोख. चाचपत चाचपत चौथ्या बुडीला त्याचा पाय हाताला लागला. वर आणला तवा अंगात ऊब होती अजून, जीव तेवढा न्हवता.”

“नशीब त्याचं. आमी काय कमी केलं? गावासमोर तुला शाल दिली, नारळ दिला.”

“दिला की. हे घड्याळ तवा होतं का तुमच्याकडं?”

“मग? काठावरून टाइम कोण सांगत होतं तुला? दहा मिनिटं झाली, वीस मिनिटं झाली...”

“मग माझ्या हातात बांधायचं होतं, मालक.”

अमरसिंहांनी बाही खाली ओढली.

“येडा का बे? पाणी गेलं असतं आत.”