आवळलेली मूठ

उपचारासाठी बायकोला मोटारसायकलवर अनसिंगहून अकोल्याला न्यायचो, तेव्हाची गोष्ट. वाटेतलं मालेगाव येईपर्यंत बोटं बधिर व्हायची, ब्रेक दाबलेला कळायचा नाही. मुंग्या कुठे आल्या ते दरवेळी वहीत लिहायचो. हँडलचे रबर बदलूनही फरक पडेना.

शेवटी मालेगावच्या सलीम मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी आम्हा दोघांना गाडीवर बसवलं आणि माझ्या मुठीखाली बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

"भाऊ, हँडल एवढं काहून आवळून राह्यले?"

मागून बायकोच म्हणाली, "मले चक्कर आली, मी गाडीवरून पडली. तवापासून हे असंच धरतेत."

मिस्त्रींनी गाडीला हात लावला नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढून आम्हा दोघांच्या कमरेला बांधला. "वहिनी कलल्या का तुमाले कळीन. आता मूठ सोडा."

त्या दिवशी वहीत मुंग्यांची जागा कोरी राहिली.