बुधवारचं अस्वल

नाही नाही, पंखा राहू द्या — तो मेलाय तो मेलाय, उद्यापर्यंत आणखी काय मरणार आहे? तुमची उंची किती? पाच आठ? पाच नऊ? जरा सरळ उभे राहा बरं. बघा! तुम्ही शिडीवर चढलात तेव्हाच मी मनात म्हटलं, हा वायरमन नाही, हे तर अस्वल आहे — रागावू नका हो, कौतुकानं म्हणतोय. मी स्वतः अकरा वर्षं अस्वल आहे. तो समोर खुंटीवर लोंबतोय ना तपकिरी सूट, तोच मी. म्हणजे मॅचच्या दिवशी मी, एरवी कोण ते मलाही नीट सांगता येत नाही. टीम मैदानात यायच्या आधी नाचतं, पोरांना टाळ्या देतं, गोल झाला की कोलांटी मारतं, ते अस्वल. आता असं करा, ती पकड-बिकड खाली ठेवा, बूट काढा, आणि पाय घाला यात. का म्हणजे? सांगतो ना! घाला तर आधी. पाच वाजलेत, साडेपाचला गेट उघडतं, सहाला मॅच, आणि मला वर जायचंय — स्टँडमध्ये, सीट नंबर चौदा. माणूस म्हणून.

ओलं लागतंय? लागणारच. शनिवारचा घाम आहे तो, माझाच आहे, घरचाच समजा. याला वाळायला पाच दिवस लागतात. पूर्वी शनिवार ते शनिवार मॅच असायची, पंखा सावकाश फिरायचा, सूट सावकाश वाळायचा, सगळे सुखात होते. आता शनिवार, बुधवार, शनिवार, बुधवार — पंख्यानं तरी किती फिरायचं? तुम्ही म्हणालात मोटर जळली. मोटर कसली हो, बुधवारानं खाल्लं त्याला. दुसरा पाय घाला. कुठल्यातरी ऑफिसात एक माणूस कॅलेंडर घेऊन बसलाय, त्याला टीव्हीवाल्यांनी सांगितलं की आठवड्याच्या मधे फार रिकामं रिकामं वाटतं. रिकामं! आमच्या कॅप्टननं लग्न ठेवलं होतं बुधवारी — वर्षभर आधी हॉल घेतलेला, बुधवारी कुणाची मॅच नसते म्हणून. शेवटी लागलं, हाफ टाइमला लागलं, पंधरा मिनिटांत. नवरी अजून त्याला विचारते, लग्नाच्या दिवशी तुझं लक्ष कुठे होतं? तो म्हणतो, एक-शून्यनं मागे होतो. हसा, हसा. पण कॅप्टनला बायको तरी मिळाली. माझं उलटं झालं. त्या रिकाम्या बुधवारात माझी पोरगी होती.

सात वर्षांची आहे. बायकोचा आणि माझा घटस्फोट झाला — भांडण नाही, तंटा नाही, नुसतं एक दिवस दोघांनाही कंटाळा आला, असं मी सगळ्यांना सांगतो. तर कोर्टात जजबाईंनी विचारलं, मुलीला भेटायला कोणता वार पाहिजे? समोरचा वकील रविवार द्यायला तयार होता. हो, रविवार! अख्खा! आणि मी — याच तोंडानं — म्हटलं, नको, शनिवार-रविवार मॅचेस असतात, मला बुधवार द्या. बुधवारी जगात कुणीच खेळत नाही. जजबाई हसल्या, मीही हसलो, वकीलसुद्धा हसला. दर बुधवारी पाच ते आठ, सहीशिक्क्यानिशी. पोट आत घ्या, हा फोम बसतोय का बघू. बसला. दोन महिने मिळाले मला ते बुधवार, फक्त दोन महिने. काय करायचो माहितीये? विजेच्या सामानाच्या दुकानात जायचो, तुमच्याच लाइनीतल्या. तिथे भिंतीवर सगळ्या दारांच्या बेल लावलेल्या असतात ना विकायला — ती एकेक दाबायची, मी म्हणायचो, कोण आहे? ती म्हणायची, मी! पुढची बेल. कोण आहे? मी! एकवीस बेल होत्या. दुकानदार वैतागायचा. मग नवीन वेळापत्रक आलं.

अर्ज केला तर! लगेच केला, वार बदलून द्या म्हणून. सात महिन्यांनी तारीख लागली — बुधवार. मॅच होती, सकाळपासून इथेच अडकलेलो. मॅनेजरकडे गेलो, म्हटलं, साहेब, बुधवारी मला सोडा. म्हणाला, मॅचच्या दिवशी अस्वलाला सुट्टी? एक वेळ गोलकीपरला देईन. मग बायकोनंच तोडगा काढला, भली आहे ती तशी — पोरीला मावशीबरोबर इथेच पाठवते दर बुधवारी, स्टँडमध्ये, तू तिथेच येऊन भेट. माझी मेहुणी म्हणजे, विचारू नका, माझ्याकडे अशी बघते जणू मी तिच्या चपलेला लागलोय. पण येते बिचारी घेऊन. आता नियम काय आहे, नीट ऐका, तुमच्याही कामाचा आहे — डोकं घातलं की बोलायचं नाही. अक्षर नाही. आणि आत कोण आहे हे कुठल्याही मुलाला कळू द्यायचं नाही, तसा कागदच सही करून घेतलाय आमच्याकडून. म्हणजे पोरगी चौदा नंबरवर बसून बाबांची वाट बघते, आणि येतं कोण? अस्वल. बाबा येतच नाहीत, अस्वल मात्र न चुकता येतं, खाली वाकतं, तिच्या नाकाला नाक लावतं, तिला उचलून घेतं —

हात द्या. पंजा आहे तो, चार बोटांचा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकत्र कोंबा. मी तिला फोनवर सांगितलं ना एकदा! नियम गेला खड्ड्यात म्हटलं. रविवारी पाच मिनिटं फोन असतो माझा. म्हटलं, अगं वेडे, ते अस्वल मीच आहे.  मग म्हणते, बाबा, खोटं बोलू नका. तुम्हाला पाच बोटं आहेत.  आणि मग म्हणते — अस्वलाला घाण वास येतो, पण ते येतं तरी. येतं तरी! सात वर्षांच्या पोरीनं हे असं बोलायचं असतं?

कोर्टानं एक बाई नेमल्यात, भेट होते की नाही बघायला. निळी फाईल घेऊन मागच्या रांगेत बसतात अधूनमधून. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं मी सगळं. त्या शांतपणे म्हणाल्या, चेहरा दिसला का? म्हटलं, नाही. मग आत कुणीही असू शकतं. म्हटलं, अहो, मग निदान अस्वलाची तरी हजेरी लावा. लावली त्यांनी! कायद्याच्या पक्क्या आहेत. रिपोर्ट आहे माझ्याकडे, खिशात आहे, दाखवू? वडील अनुपस्थित, अस्वल उपस्थित. त्या आल्या ते नऊही बुधवार, ओळीनं. खाली लिहिलंय, मुलीला विचारलं असता बुधवारी अस्वलाला भेटण्याची इच्छा व्यक्त केली. कोर्टानं मग सांगितलं, दहाव्या बुधवारी वडील दिसले नाहीत तर बुधवार बंद, नुसता फोन चालू. आज दहावा. म्हणून म्हणतोय, दादा, तुम्ही देवासारखे शिडी घेऊन आलात.

सोपं आहे हो. जास्त चालू नका, डुला. गोल झाला तर कोलांटी नको, तुमची मान जाईल, नुसते खाली बसा आणि कपाळावर पंजा मारा, लोकांना वाटेल नवीन आहे काहीतरी. पिणाऱ्या पोरांच्या घोळक्यात जायचं नाही, शेपूट ओढतात. आणि चौदा नंबरकडे — तिकडे जाऊच नका. म्हणजे, नाही, जायला लागेल. नाही गेलात तर ती शोधत राहते. मला कसं माहीत? मला — मघाशी म्हटलं ना, बाबा येतच नाहीत म्हणून, तर ते थोडं खोटं होतं. एकदा गेलो होतो मी. महिना झाला. दुसऱ्या हाफला चक्कर आली म्हणून सांगितलं, सूट इथे फेकला आणि वर गेलो, अंघोळसुद्धा न करता, तिच्या शेजारी जाऊन बसलो. त्या दिवशी फाईलवाल्या बाई नव्हत्या, नशीब बघा. चाळीस मिनिटं बसलो. पोरगी माझ्या खांद्यावरून मैदानात बघत होती. म्हणाली, बाबा, जरा सरका ना. सरकलो. मग म्हणाली, अस्वल आजारी आहे का? मग रडायला लागली, दादा, ओठ काढून, अस्वलासाठी. मी शेजारी बसलेलो. मेहुणीनं मला रुमाल दिला, तिला नाही, मला. त्यानंतरच्या बुधवारी मॅच तासभर उशिरा सुरू झाली, दिवे गेले होते, जाता आलं असतं परत. गेलोही. सूट घालून.

जाऊ दे. म्हणून तर आज दोघं पाहिजेत ना — खाली अस्वल, शेजारी बाप, फाईलमध्ये दोन्ही खुणा. डोकं घ्या. जड आहे, हनुवटी आत. दिसतंय का? तोंडातून बघायचं, डोळे खोटे आहेत. छान. काय छान दिसताय! आता एकदाच करून दाखवा, तिला कसं घ्यायचं ते. मी ती आहे असं समजा. मी बसतो इथे बाकावर. या. वाका, नाकाला नाक — हां — आता दोन्ही हात मागून, पाठीवर, आणि घ्या जवळ —

…

बरं.

बरं वाटतं हो. असं असतं होय. अकरा वर्षांत मला कधी — मी आतच असतो ना, मला कसं कळणार. मऊ आहे. थांबा, सोडू नका, एक मिनिट.

काढा.

डोकं काढा. नाही, तुमचं काही चुकलं नाही, चुकलं नाही हेच तर — छान केलंत, अगदी तस्संच केलंत, वासासकट. तिला काडीचा फरक कळणार नाही. मी शेजारी बसणार आणि ती माझ्या देखत तुमच्या गळ्यात पडणार, वायरमनच्या, आणि ते निळ्या फाईलमध्ये लिहिलं जाणार, वडील उपस्थित. पंजे द्या इकडे, मीच घालतो. ओढा, निघतात. पाय काढा. अहो ठाऊक आहे मला आज दहावा आहे ते! मीच सांगितलं ना तुम्हाला! तुम्ही कोण मला समजावणारे? तुम्हाला पंखा दुरुस्त करायला बोलावलं होतं, तो तुम्हाला झाला नाही.

हे बघा, चिडलो, माफ करा. एवढं एक काम करा. वर जा, चौदा नंबरच्या मागे त्या बाई बसल्या असतील, निळी फाईल. त्यांना सांगा, वडील आले नाहीत. येऊ शकले नाहीत असं नको, त्यांना मग कारण लिहावं लागतं, रकाना लहान आहे. आले नाहीत, एवढंच. पोरीशी बोलू नका. जा आता, गेट उघडलं.