पाच गोठ्यांचा सर्जा

नशिराबादपासून पाचोऱ्यापर्यंत मला फसवणारा माणूस जन्मला नव्हता. एक जन्मला, तो नेमका आमच्याच गावी आला.

शेतकी कॉलेजातले ते पाहणीवाले साहेब. ज्याच्या गोठ्यात बैलजोडी, त्यालाच कपाशीचं सुधारलेलं बियाणं मिळणार होतं. आमच्या गल्लीत घरं पाच आणि जोडी माझ्या एकट्याची. साहेब एका घरी चहा पीत बसले, की मी मागच्या दारानं बैल पुढच्या गोठ्यात नेऊन बांधी.

पाचव्या घरी साहेबांनी मोडक्या शिंगाच्या बैलाचं नाव विचारलं. घरधनीण गोदाअक्का माझ्याकडे वळली, "नाना, काय नाव शे यानं?"

साहेबच म्हणाले, "सर्जा, अक्का. चार घरं ऐकत आलोय. बियाणं पाचही घरांना लिहितो. नाना, पेरणीलाही बैल घेऊन असेच मागच्या दारानं पाचही घरी फिरा."