सिडनीच्या आईनं काय सांगितलं?

नाही, पण मी म्हणतो, पाकीट घरी उघडून बघायला काय झालं होतं? आं? विलायतेहून आलेलं, स्वतःच्या नावाचं पाकीट, आठवडाभर डायनिंग टेबलावर पडून, आणि हा शहाणा म्हणतो, "नाही! मी ते स्टेजवरच उघडणार! सगळ्यांसमोर!" अरे, माणूस मुलगीसुद्धा आधी बघून येतो, मग मांडवात उभा राहतो! पण प्रल्हादला सांगणार कोण? त्याच्याकडे इच्छाशक्ती ना! इच्छाशक्ती, महाराजा, इच्छाशक्ती!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मधूनच सुटला. प्रल्हाद म्हणजे आमचा वरच्या मजल्यावरचा. मूळचा नागपूरचा, आता जर्सी सिटी, रोज सकाळी ट्रेननं मॅनहॅटन, तिथल्या एका बँकेत कम्प्युटरवर. स्वभावानं चांगला हो! वेळेला धावून येतो. फक्त लहानपणाचा विषय काढायचा नाही. काढलात की संपलात.

कारण नागपुरात याच्या घराजवळ म्हणे एक वाचनालय होतं, आणि तिथं कुठल्याशा रेल्वेतल्या गोऱ्या साहेबानं देश सोडताना टाकून दिलेला विलायती कॉमिक्सचा गठ्ठा होता. पिवळा पडलेला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या... पण याचा जीव त्यावर! आणि गोष्टींवर नाही बरं का, जाहिरातींवर! त्या काळात तिकडे जाहिरातीसुद्धा चित्रकथेत यायच्या. सहा चौकटी. पोरगं वर्गात पेंगतं, मास्तर ओरडतो, आई कोकोचा कप देते, पोरगं पहिलं! एकाला नोकरी मिळत नाही, बूट पॉलिश केले, मिळाली! एकीचं लग्न जमत नाही, टूथपेस्ट बदलली, जमलं! सहाव्या चौकटीत सगळ्यांचं भलं, आणि कोपऱ्यात डबा. काय सोपं जग हो! आम्ही इथे ग्रीन कार्डाच्या एकाच चौकटीत किती वर्षं उभे आहोत, ते विचारूच नका.

आता त्या गठ्ठ्यातल्या एका अंकाच्या शेवटच्या पानावर होता सिडनी. सुस्त सिडनी. पहिल्या चौकटीत शर्यतीत शेवटचा. दुसरीत मास्तर म्हणतो, "सिडनी, तुझं काही खरं नाही." तिसरीत सिडनी तोंड पाडून घरी. चौथीत आई त्याच्या कानात काहीतरी सांगायला वाकते. आणि सहावीत? हातात जिंकलेली ढाल, गालावर लाली, अख्खी शाळा टाळ्या वाजवतेय! आणि पाचवी? पाचवीवर वाचनालयवाल्यानं परतीच्या तारखांची चिठ्ठी डकवलेली! चांगली खळ लावून, पार खालच्या कडेपर्यंत!

झालं! याच्या बालमनाला पडला प्रश्न. सिडनीच्या आईनं काय सांगितलं? बाकी सगळ्यांत शेवटी डबा यायचाच, इथे डबाच दिसत नाही, तेव्हा ही जाहिरात नाहीच, ही खरी गोष्ट, असा याचा तर्क. इंजिनियर होणार हे तेव्हाच दिसत होतं. मग यानं स्वतःच उत्तर काढलं. आई म्हणाली, "बाळ सिडनी, इच्छाशक्ती!"

आणि तुम्हाला सांगतो, त्या एका शब्दावर या माणसानं आयुष्य काढलं. बारावी, इच्छाशक्ती. व्हिसा, इच्छाशक्ती. पोरगी देवयानी पोहायला घाबरायची, तिला तलावाच्या काठावर उभं करून सिडनीची गोष्ट! माझी कार बर्फात रुतली तेव्हा मी फावडं मागितलं, यानं मला सिडनी सांगितला! इच्छाशक्ती, महाराजा, इच्छाशक्ती!

आणि दोन हजार सहाच्या गणपतीआधी याला इंटरनेटवर लिलावात नेमका तोच अंक सापडला. इंग्लंडमधल्या कुणा आजोबांनी विकायला काढलेला. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, कोरा करकरीत! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात यानं स्वतःचं भाषण घुसवलं. "मुलांनो, तुमच्या प्रल्हादकाकांच्या यशाचं रहस्य!" सुनेत्रा, म्हणजे याची बायको, म्हणाली, "अरे, आधी एकदा बघून तरी घे." "सुनेत्रा, यू डोन्ट गेट इट. ड्रामा असतो त्याच्यात!"

भाड्यानं घेतलेला शाळेचा हॉल. खच्चून भरलेला, कारण भाषणानंतर जेवण होतं. पहिल्या रांगेत वसुधाकाकू, प्रल्हादची आई. सहा महिन्यांसाठी आलेल्या. साडीवर स्वेटर, पायात प्रल्हादचेच मोजे. मुलगा अमेरिकेत भाषण करणार म्हणून सकाळपासून धड जेवल्या नव्हत्या हो!

आणि हा सुटला. सिडनीपर्यंत ठीक होतं. पण टाळ्या मिळाल्या की माणसाचं काय होतं बघा. म्हणाला, "तिकडे ती आई मुलाच्या कानात मंत्र देते, आणि आमच्याकडे? रविवार उजाडला की एरंडेल! नाक दाबायचं, तोंड उघडायचं, वर चहा! मी ओरडतोय, आई म्हणतेय, गिळ मेल्या, पोट साफ तर सगळं साफ! अरे, सगळं म्हणजे काय सगळं? या अडाणीपणातून मी वर आलो! सोमवारच्या परीक्षेत मी कायम पहिला! कशावर? इच्छाशक्तीवर!"

हॉल फुटला. माणसं खुर्च्यांवरून घसरली. मी काकूंकडे बघितलं. काकू पण हसत होत्या. म्हणजे आधी त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, सगळे हसतायत म्हटल्यावर हसल्या, आणि टाळ्या वाजवल्या... मला काही ते बरं वाटलं नाही, खरं सांगतो.

मग पाकीट! यानं कात्रीनं कापलं, अंक काढला, आणि देवयानीच्या हातात माइक दिला. "माझी लेक वाचेल! पाचवी चौकट!" पोरगी दहा वर्षांची, इंग्रजी फाडफाड. तिनं मनातल्या मनात वाचलं, आणि बापाकडे बघितलं.

"वाच ना, बेटा!"

"बाबा, आर यू शुअर?"

"मोठ्यानं!"

पोरगी आज्ञाधारक हो! मोठ्यानं वाचलं. आई बाटली पुढे करून म्हणते, "सिडनी, तुझं पोट साफ होत नाही, म्हणून तू सुस्त! दर आठवड्याला एक चमचा, डॉक्टर टिडल यांचं अंजिराचं रेचक सरबत!" खाली बाटलीचं चित्र. वर पोरगी माइकमध्येच विचारते, "बाबा, इट्स फॉर कॉन्स्टिपेशन?"

काय झालं असेल, कल्पना करा! मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "इच्छाशक्ती!" आणि पुन्हा हॉल फुटला. गाण्यासाठी आणलेल्या तबलेवाल्यानं तिहाई वाजवली! प्रल्हाद उभा, हातात कात्री, कान लालबुंद. आणि अख्ख्या हॉलमध्ये एकच माणूस हसत नव्हतं. काकू. पोराची फजिती होतेय एवढंच त्यांना कळलं होतं. उठल्या, मोज्यांतल्या मोज्यांत स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत गेल्या, आणि म्हणाल्या, "प्रल्हाद, खाली ये रे. पाणी पी."

जाताना मी त्यांच्याच गाडीत. सुनेत्रानं आधी काकूंना त्या बाटलीचा अर्थ मराठीत समजावला, आणि मग प्रल्हादला, काही गरज होती का? पण म्हणाली, "तुझे पेपर सोमवारचेच बरे जायचे ना रे?" तीस-पस्तीस वर्षं हा माणूस शोधत होता की सिडनीच्या आईनं काय सांगितलं, आणि तेच याची आई दर रविवारी याच्या नरड्यात ओतत होती! आणि हा त्याला नावं ठेवून सिडनीच्या आईचे गोडवे गात होता!

गाडी पार्क केल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "लोक हसले त्याचं काही नाही यार. पण आई टाळ्या वाजवत होती रे. मी तिला अडाणी म्हणालो, आणि ती टाळ्या वाजवत होती." डोळ्यांत पाणी. मी पाठीवर हात ठेवला. लाज ही गोष्टच अशी आहे, दुसऱ्यानं कितीही वाटून घ्यायची म्हटली तरी घेता येत नाही.

लिफ्टमध्ये यानं धीर केला. "आई, मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं."

काकू म्हणाल्या, "कधी? अच्छा, ते होय? जाऊ दे रे. अंजीरसुद्धा वाईट नाही, पण एरंडेल ते एरंडेल." मग याचा चेहरा निरखून म्हणाल्या, "मी आल्यापासून बघतेय, तुझी जीभ पांढरी दिसते. रोज उठून ते चीज खातोस..."

दुसऱ्या दिवशी रविवार. आमचं टेनिस ठरलेलं. मी फोन लावला, देवयानीनं उचलला.

"बाबा कान्ट कम, काका. ही इज इन द बाथरूम."

"का गं? बरं नाही का?"

"आजी गेव्ह हिम इच्छाशक्ती. टू स्पून्स. अँड ही डिडन्ट इव्हन क्राय."

नागपूरहून बॅगेत, साड्यांच्या घडीत गुंडाळून बाटली आणली होती हो काकूंनी! मी हसायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून त्यांचाच आवाज. "कोण आहे गं फोनवर? खालचा का? त्याला म्हणावं वर ये. तोही त्या दिवशी जिना चढताना धापा टाकत होता."

गेलो. काय करणार? वर चहा मिळाला.