परमिट रूमचं बारसं

...नाही, पण मी म्हणतो, बारशाला आत्या लागते, काका कशाला? तेही परमिट रूमच्या बारशाला? तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात थेंब चाखला नाही, जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं कारकुनी केली ती नुसत्या चहावर, आणि आज विश्रांतवाडीत मला मान वर करून चालता येत नाही! का? तर मी पुस्तकं वाचतो. वाचायची खोड, दुसरं काय!

माझा पुतण्या साईनाथ. आळंदी रस्त्याला आमची थोडी जमीन, तिथं याला परमिट रूम काढायचं. आला पेढे घेऊन. "काका, तुम्ही एवढं वाचता, एक झकास नाव द्या ना! सोमवारी अर्ज द्यायचाय." आता गप्प बसावं की नाही मी? नाही! म्हटलं, अरे, इंग्लंडात पूर्वी पबच्या गिऱ्हाइकांना अक्षरओळख नसायची, म्हणून पाटीवर चित्र... तांबडा सिंह, पांढरा घोडा, राजाचं डोकं. "भारी! आपण पण राजाच टाकू. मागं किल्ला!" अरे, नियम वाचलास का? देव, संत, थोर पुरुष, गडकिल्ले, काही चालत नाही दारूच्या पाटीवर! "मग सिंह?" त्यावर देवी बसते. "घोडा?" खंडोबा! "उंदीर?" पुण्यात? भाद्रपदात तोंड कुठं लपवशील? "मग काका, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बघू का, एखादा मोकळा प्राणी मिळतोय का?"

तरी मी थांबलो का? वाचायची खोड! म्हटलं, ऑस्ट्रियात नवी वाइन आली की दारावर नुसती हिरवी डहाळी टांगतात. "काका, आपल्याकडे डहाळी टांगली तर लोक वास्तुशांत समजून आहेर घेऊन येतील!"

आणि तिथं माझी जीभ घसरली हो... म्हटलं, आयर्लंडात बरं असतं, दारावर मालकाचंच नाव. पोरगा उडालाच! "साईनाथ परमिट रूम!" देव. "मग बाबांचं, दत्तोबा!" तोही देव. याच्या बायकोचं नाव संस्कृती... संस्कृती बार? उद्घाटनालाच मोर्चा येईल! चार पिढ्या धुंडाळल्या, चुलते, आत्या, मामे, सगळे एकजात देव! माणूस म्हणून कुणी जन्मालाच आलं नाही आमच्यात!

मग साईनाथ हळूच माझ्याकडं बघायला लागला. "काका... तुमचं?"

रावसाहेब! आजोबांना वाटलं, नातू मामलेदार होईल. झाला कारकून, पण नाव बघा, ना देव, ना संत, ना किल्ला. नियमात चोख! हात जोडले, पेढे परत केले. "काका, सोमवार उद्यावर आलाय हो!" गेला अर्ज. आणि सरकारी काम कधी नव्हे ते वेळेत झालं!

आता रोज संध्याकाळी आमच्या हिला गल्लीतल्या बायकांचे फोन. "वहिनी, आमचे हे रावसाहेबांकडं बसलेत म्हणे, जरा जेवायला पाठवा ना!" ही माझ्याकडं बघते. मी पुस्तकात बघतो. वाचायची खोड!

आठ फुटी पाटी आहे हो, लाल दिव्यांची. लोक तोंड लपवून तिच्याखालून आत जातात, मी तोंडाला रुमाल बांधून समोरच्या फुटपाथनं जातो. परवा एकानं अडवलंच. "आजोबा, रावसाहेब कुठंशी?"

रुमाल जरा वर ओढला आणि म्हटलं, "समोर. बाहेरच्या गाडीवर भुर्जी चांगली मिळते."